बंद बटणावरचा जुना वॉशर

मी शॉवर बोलतोय. विजेवर चालणारा, बाथरूमच्या भिंतीवर पांढऱ्या पेटीत राहणारा आणि मागाल तेव्हा गरम पाणी देणारा. माझ्यासमोर लोक गातात, रडतात, साहेबाशी करायची राहून गेलेली भांडणं पुरी करतात. मी कधी कुणाची चुगली केली नाही. आज मात्र एकाचं गुपित सांगणार आहे, कारण ते आता घरात सगळ्यांना ठाऊक झालंय.

कारखान्यात एका बाईनं माझ्या तारा जोडल्या, पोटात पहिल्यांदा पाणी सोडलं आणि ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता. मग वर्षभर दुकानाच्या फळीवर धूळ खात बसलो. शेवटी एक बाई आली, आणि किंमत विचारायच्या आधी तिनं विचारलं, ‘‘म्हाताऱ्या माणसाला वापरता येईल ना?’’ तेव्हाच मी तिचा झालो.

ही बाई घरीच शिलाई मशीन दुरुस्त करायची. तिचे बाबा नुकतेच तिच्याकडे राहायला आले होते. चाळीस वर्षं मोठ्या बागेत माळीकाम केलेला माणूस, पण आता हात थरथरायचे, बादली उचलवायची नाही. माझ्याखाली त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचं स्टूल आलं. त्यावर बसून ते एकटे, निवांत आंघोळ करायचे. दाराची कडी आतून लावायचे तेव्हा त्यांचा चेहरा राजासारखा असायचा. त्या कडीचं त्यांना माझ्याहून जास्त कौतुक होतं, हे मला थोडं लागायचं.

तीन वर्षं सुखात गेली. मग मी गळू लागलो. तळातून, टप टप नाही, चांगली धार लागायची.

वीज आणि पाणी एका पेटीत, त्यात गळती. लेक घाबरली. तिनं पहिलं काम केलं ते दाराची कडी काढण्याचं. म्हणाली, आत काही झालं तर मला येता आलं पाहिजे. लोटलेल्या दाराकडे पाठ करून बाबा घाईघाईनं अंगावर पाणी घेऊ लागले.

लेकीची एक पद्धत होती. मशीनमधून तेल गळत असलं की ती आधी सगळं पुसून कोरडं करायची, खाली कोरा कागद ठेवायची आणि पहिला डाग कुठे पडतो ते बघायची. माझ्याशीही ती तशीच वागली. मला पुसलं, नळीच्या जोडाला कागद गुंडाळला, पाणी सोडलं. जोडाशी कागद जरा ओला झाला. तिनं आतला रबरी वॉशर काढला, तो चिरलेला होता. नवा घातला, जुना खिशात टाकला. तिला काही टाकवत नाही, तिच्या खिशात अर्धं दुकान असतं.

जोड कोरडा झाला, तळातली धार तशीच. मग तिनं माझा फवारा दुपारभर व्हिनेगरमध्ये बुडवला आणि शिवणाच्या सुईनं एकेक भोक मोकळं केलं. मला फार बरं वाटलं, पण गळायचा काही थांबलो नाही.

शेवटी तिनं मेन स्विच पाडला, पाण्याचा कॉक बंद केला आणि माझं झाकण उघडलं. माझ्या तळाशी एक लहान झडप असते. तिच्यात वाटाण्याएवढी गोळी. पाण्याला पुढे वाट मिळाली नाही आणि आत दाब वाढला, की ती गोळी उडून जाते आणि पाणी खालून निघतं. त्यामुळे मी फुटत नाही. लेकीला ती झडप रिकामी दिसली. तिनं नवी आणून बसवली आणि हुश्श केलं.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी गोळी पुन्हा उडाली.

मला सगळं ठाऊक होतं. रोज बघत होतो. पण मला बोलता कुठे येतं?

त्या संध्याकाळी लेकीच्या भावाचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. शॉवर काढून टाक आणि बाबांना आंघोळ घालायला माणूस ठेव. बाबा समोरच बसले होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘‘मला कुणी आंघोळ घालायची नाही. तेवढं माझं मला राहू दे.’’ लेक म्हणाली, उद्या एकदा शेवटचं बघते. नाही सापडलं तर काढून टाकते.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यातलं काहीच उघडलं नाही. नवी गोळी बसवली, मेन स्विच बंदच ठेवला आणि बाबांना कपड्यांनिशी स्टुलावर बसवलं. ‘‘बाबा, रोज करता तशी आंघोळ करून दाखवा. कोरडीच.’’

बाबांना गंमत वाटली. त्यांनी फवारा हातात घेतला, डोक्यावर धरला, खांद्यावर धरला. मग साबण घ्यायची वेळ आली. त्यांच्या हातानं माझी नळी पकडली, घडी घालून दुमडली आणि गुडघ्याखाली दाबून धरली. एका वाफ्याकडून दुसऱ्या वाफ्याकडे जाताना माळी पाण्याचा पाइप दुमडतो, अगदी तश्शी. आणि मोकळ्या हातांनी ते साबण लावायला लागले.

लेक आधी हसली. मग तिची नजर दुमडलेल्या नळीवरून माझ्या तळातल्या झडपेकडे गेली.

‘‘बाबा, बंद करायला बटण आहे ना?’’

बाबांचे हात थांबले. ‘‘चष्मा काढला की सगळी बटणं सारखीच, ठमे. एकदा बंद करायला गेलो आणि कढत पाण्याचं दाबलं गेलं. पाठ भाजली.’’

‘‘मला सांगितलं नाहीत?’’

‘‘सांगितलं असतं तर तू आत माणूस पाठवला असतास.’’

ती खाली फरशीवरच बसली. त्यांची पाठ बघायला मागितली. डाग जुना झाला होता. त्यावरून तिनं हात फिरवला.

मग तिनं खिशात हात घातला. तोच चिरलेला वॉशर काढला, त्याची चीर जुळवली आणि माझ्या बंद बटणावर मशीन दुरुस्तीच्या पक्क्या गोंदानं घट्ट चिकटवला. ‘‘डोळे मिटा आणि शोधा.’’ बाबांनी डोळे मिटले. बोटं थरथरत माझ्या अंगावरून सरकली, त्या रबरी कड्यापाशी थांबली आणि त्यांनी बटण दाबलं. पुन्हा शोधलं, पुन्हा सापडलं. दहा वेळा तरी खेळले असतील.

त्यानंतर तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराला कडी परत लावली.

आता माझं वय झालंय. पेटी पिवळी पडली, ‘पास’ची चिठ्ठी केव्हाच वाहून गेली. पण माझ्याखाली ठेवलेला कागद कोरडा असतो. बाबांचा हात अजूनही सवयीनं आधी नळीकडे जातो, थबकतो आणि वर येऊन वॉशर शोधतो. मला त्या बोटांची वाट बघायची सवय लागलीय.

तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद गळत असेल, तर आधी स्विच बंद करा आणि मगच त्याला हात लावा. वॉशर बघा, फवारा बघा, झडप बघा. तरीही कळलं नाही, तर त्याच्याखाली आंघोळ कोण करतं ते जाऊन विचारा, आणि रागावू नका.

ते पहा, टॉवेल खांद्यावर टाकून बाबा आले. कडी लावली. आता मी बोलायचा थांबतो, त्यांना एकटं राहू द्या.