बगळ्यांच्या मागचं गढूळ पाणी

पातेल्यातून चकती बाहेर आली आणि इसाबुरोने ती दारापाशी नेऊन पाहिली. कावळ्याच्या ओल्या पंखासारखा निळसर काळा रंग चढायला हवा होता. चढला होता तपकिरी, करपलेल्या भातासारखा.

जपानच्या कानाझावा शहरात इसाबुरोच्या हातच्या त्सुबाला मान होता. तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मध्ये बसणारी ती जेमतेम तळव्याएवढी चकती, पण तिच्यावर माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे ओळीने ठोकायलाच त्याचे चाळीस दिवस गेले होते. वर सोन्याचे दोन बगळे. बगळे झळकत होते, आणि त्यांच्या मागचं पाणी मात्र गढूळ.

"उकळण्याआधी चकतीला मुळ्याचा कीस नीट चोळला होतास ना?" त्याने बायकोला विचारलं.

"वीस वर्षं चोळतेय," ओकिनु म्हणाली. "आजच विसरेन होय?"

मग राहिला धातू. तांब्यात शंभराला चार भाग सोनं पडलं तरच तो काळा होतो. सोनं सरदारांच्या कोठीतून तोलून आलेलं. आणि तांबं-सोनं वितळवायची मूस लावली होती त्सुनेजीने, ओकिनुच्या धाकट्या भावाने. त्या दिवशी इसाबुरो तापाने अंथरुणाला खिळला होता.

तिथून त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्सुनेजीला त्याने काही विचारलं नाही. नुसती पाळत ठेवली. भट्टीची राख चाळून पाहिली. त्सुनेजी अंघोळीला गेला की त्याच्या बाह्या झटकून पाहिल्या. त्याच्या कमरेला तंबाखूचा रेशमी बटवा होता. हा कुठून आला? आणि रोज दुपारी जेवण उरकलं की हा गडी आसानो नदीच्या पुलावरून पलीकडे जातो कशाला?

चौथ्या दिवशी इसाबुरो त्याच्या मागोमाग गेला. त्सुनेजी पुलापलीकडे एका म्हाताऱ्याच्या घरात शिरला. इसाबुरोने कुंपणाला कान लावला. आतून कुणीतरी नो नावाच्या मुखवट्यांच्या नाटकातली पदं घोगऱ्या आवाजात म्हणत होतं, आणि मधूनमधून म्हातारा ओरडत होता, "श्वास! अरे, श्वास घे!"

संध्याकाळी इसाबुरोने विषय काढलाच. "दुपारी कुठे असतोस रे?"

त्सुनेजी कानापर्यंत लाल झाला. "गाणं शिकतो, दाजी."

"तू? विहिरीत पडलेलं मांजर तुझ्यापेक्षा बरं गातं."

"म्हणून तर सांगितलं नव्हतं."

"आणि हा बटवा?"

"गुरुजींनी दिला. त्यांचा जुना आहे."

"जुना! आणि गुरुजींना दक्षिणा कशाची देतोस? कोठीच्या सोन्याची?"

ओकिनुच्या हातातली पळी तशीच राहिली. त्सुनेजीने कामाचं फडकं सोडलं, घडी घालून हातोड्यावर ठेवलं, आणि निघून गेला.

"चोराला राग आधी येतो," इसाबुरो पुटपुटला.

"माझ्या भावाला चोर म्हणताय?" ओकिनु म्हणाली. "थांबा जरा."

तिने फडताळातून सासऱ्यांच्या वेळचा त्याच धातूचा एक तुकडा काढला. त्यांनी स्वतः ओतलेला, तीस वर्षं काळाभोर राहिलेला. कोळशाच्या पुडीने तिने त्याचा रंग घासून उतरवला, मुळा चोळला, आणि त्याच पातेल्यात, रंग चढवायच्या मोरचूद-जंगालाच्या पाण्यात सोडला. दोघं शेगडीपाशी बसून राहिले. तुकडा बाहेर आला. तपकिरी.

"आता सांगा. मामंजींनीही सोनं खाल्लं होतं?"

इसाबुरोने पातेलं रिकामं करून उजेडाकडे धरलं. तळाशी एक काळपट ठिपका होता. नखाने खरवडला तर गंजाची भुकटी निघाली. तांब्याच्या पातेल्याला लोखंडी खिळा ठोकून कुणीतरी भोक बुजवलं होतं. लोखंड शिरलं की या पाण्याचा घात होतो, हे पहिल्या वर्षी शिकणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि पातेलं डागायला कुणी दिलं होतं? त्यानेच. उन्हाळ्यात. भांडीवाल्याला "आजच्या आज हवं" म्हणून दरडावून.

ओकिनुने तो तपकिरी तुकडा त्याच्यासमोर ठेवला आणि चुलीकडे वळली. ते त्याला जास्त लागलं.

शेजारच्या कारागिराचं पातेलं उसनं आणलं. चकतीचा रंग घासून उतरवायला दोन दिवस लागले, पण या खेपेला बगळ्यांच्या मागे काळंभोर पाणी उमटलं. मग इसाबुरो पूल ओलांडून गेला आणि त्सुनेजी उतरला होता त्या म्हाताऱ्याच्या दारात गुडघे टेकून बसला.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "घरी चल."

"येतो, दाजी," त्सुनेजी म्हणाला. आणि आलाही.

पण पुढची मूस लावायच्या दिवशी त्याने दाजीला हाक मारली, समोर बसवलं, तराजू त्याच्यापुढे सरकवला.

"अरे, नको. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"तसं नको. बघा."

इसाबुरोने मान खाली घातली. त्सुनेजी चिमट्यात सोनं धरून तसाच थांबला. तांबं तापून लाल झालं, वितळायला लागलं, तरी तो हात खाली नेईना. शेवटी इसाबुरोला मान वर करून बघावंच लागलं.