दोन्ही टोकांना शैलेंद्र

शैलेंद्रची मला शिसारी येते. आधीही येत होती, पण आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता 'नमस्कार मंडळी' म्हणाला तरी मी फोन पालथा ठेवते.

तो परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, मी चिटणीस. मंडळाला तीस वर्षं झाली म्हणून त्याने लांबलचक फोटोचं खूळ काढलं. कुठल्याशा लिलावात त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या एका क्लबाचा फोटो मिळाला होता. वीतभर उंच, चार फूट लांब, आणि त्यात दीडशे साहेब टोप्या घालून उभे. तेव्हाचा तो कॅमेरा किल्ली दिली की डावीकडून उजवीकडे सावकाश फिरायचा. एक चावट साहेब डाव्या टोकाला टिपला गेल्याबरोबर मागून धावत उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. एकाच फोटोत दोनदा! शैलेंद्रने हे मला सहा वेळा तरी दाखवलं आणि दर वेळी स्वतःच खिदळला. मग तसाच जुना कॅमेरा बाळगणारे एक हौशी चिनी गृहस्थ, मिस्टर आंग, त्याने शोधून काढले.

मला त्या फोटोत एकच माणूस हवा होता, बाबाजीकाका. जहाजावर फिटर होते, आता इथेच यिशुन भागात मुलाकडे राहतात. गणपती असो की कोजागिरी, तीस वर्षं मंडळाचे सगळे फोटो त्यांनीच काढले, त्यामुळे ते एकाही फोटोत नाहीत. डोळे जवळजवळ गेलेत. नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि काका कायमचे गुहागरला जायला निघाले.

"यात मी आलो पाहिजे हां, ऋचा," ते म्हणाले. "नाहीतर मी इथे होतो, हे कोणाला खरं वाटणार?"

रविवारी सकाळी वुडलँड्सच्या मैदानावर खडूच्या गोलाकार रेषेवर आम्ही एकशेदहा जण उभे राहिलो. काका उजवीकडे सगळ्यात शेवटी, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. त्यांच्या शेजारी मी. त्यांच्या पलीकडे रेलिंग. फिल्मचा रोल एकच होता.

"डोन्ट मूव्ह आह!" मिस्टर आंग ओरडले. "यू मूव्ह, फेस गॉन लाह!"

कॅमेरा घरघरत फिरू लागला. डाव्या टोकाचा शैलेंद्र टिपला गेला आणि सुटला. झब्बा सावरत, धापा टाकत रांगेमागून आला. रेलिंगमुळे काकांच्या पलीकडे जागा नव्हती. ते त्याला आधी दिसलं नव्हतं की दिसूनही फरक पडला नव्हता, कोण जाणे. तो आमच्या दोघांमधून घुसून सरळ काकांच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्याने दात काढले. त्याच्या घामट पाठीमागे काका पार झाकले गेले.

कॅमेरा अजून माझ्यापर्यंत पोचायचा होता. 'शैलेंद्र, बाजूला हो' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड हललं असतं तर फोटोत माझा चेहरा फरफटला असता. मी पैठणी नेसले होते, केस पार्लरमधून करून आले होते. मी गुळणी धरली आणि हसू तसंच ठेवलं.

"कोणी पुढे आलं का गं?" काकांनी न हलता, हळूच विचारलं.

कॅमेरा नेमका माझ्यावर होता. मी लेन्सकडे बघत हसत राहिले.

नंतर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. शैलेंद्र घाम पुसत म्हणाला, "काय, धमाल ना?" मीही हसले. त्याची किळस येत होती, पण माझी मला जास्त येत होती.

गुरुवारी प्रिंट घेऊन यिशुनला गेले. फ्लॅटमध्ये बॅगा भरून तयार होत्या. काकांनी फोटो मांडीवर पसरला आणि त्याच्या कडेवरून हात फिरवला.

"मी कुठे?"

खरं सांगायला मला इथे दुसरी संधी मिळाली होती. मी त्यांचं बोट धरलं आणि उजव्या टोकाच्या शैलेंद्रच्या तोंडावर टेकवलं.

"हे काय, इथे."

"कसा दिसतोय?"

"हसताय."

"आयुष्यात फोटोत हसलो नाही मी," ते खूश होऊन म्हणाले. "गावाला भिंतीवर लावतो. कोणी आलं की उजवीकडचा शेवटचा दाखवीन, हा मी म्हणून. आणि तू गं?"

"तुमच्या शेजारीच."

"छान आलीस?"

"हो काका," मी म्हणाले. खरोखरच छान आले होते.