दार कुणी लावलं

पूनमचं पत्र येऊन दोन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. वहीच्या कागदावर चारच ओळी होत्या: "काका, दार कुणी लावलं ते मला ठाऊक न्हाई. मी तसं सांगितलंच नव्हतं. अठरा तारखेला कंपनीत चौकशी हाय. तुमी येऊन तेवढं सांगा."

ती चाकणला एका कारखान्यात पॅकिंगला होती. गोदामात मुकादमानं तिच्या अंगावर हात टाकला. अशा बायकांना आधार देणाऱ्या आमच्या थेरगावच्या संस्थेत ती आली, तेव्हा तक्रारअर्ज मी लिहिला. मी निवृत्त ग्रंथपाल; दुसरं कसब नाही. ती तुटक बोलायची, मधेच गप्प व्हायची. ते तसंच कागदावर उतरवणं मला जड गेलं. तिला आठवत नव्हतं तिथे मी 'त्याने दार लावून घेतले' हे वाक्य घातलं. तिनं न वाचता सही केली.

चौकशीत तिला दाराचंच विचारलं. ठाऊक नाही, ते काकांनी लिहिलं, असं ती म्हणाली. मग अठरा तारखेला काकांना आणा, असं सांगण्यात आलं; म्हणून तिनं ते पत्र पाठवलं. मी गेलो नाही. चारचौघांत बोलायला मी बिचकतो हे खरं, पण लाज त्याहून मोठी होती. तक्रार खोटी ठरली, तिचं काम सुटलं. मुकादम अजून तिथेच आहे. आमच्या संचालक विजयश्रीताईंना वाटलं, पोरगी घाबरून फिरली. मी त्यांना तसं वाटू दिलं.

गेल्या शनिवारी नव्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण होतं. अर्ज कसा लिहावा हे मी शिकवायचं होतं. "आमच्या काकांचा अर्ज वाचताना फौजदारसुद्धा सावरून बसतो," ताई म्हणाल्या. सगळे हसले. मग त्यांनी नमुना वाटला. नावं खोडली होती, तरी पहिल्याच ओळीत मी ओळखलं. पूनमचा अर्ज.

वाकडहून आलेल्या वर्षालीनं तो दोनदा वाचला. "काका, एवढ्या घाबरलेल्या बाईला हे सगळं असं ओळीनं कसं आठवलं?"

"नव्हतं आठवलं," मी म्हणालो. "दाराचं वाक्य माझं आहे."

ताईंनी चहाची सुट्टी जाहीर केली आणि मला बाजूला घेतलं.

"काका, हे इथे बोलायची काय गरज होती?"

त्यांचं बरोबर होतं. गरज अठरा तारखेला होती.

घरी येऊन उत्तर लिहिलं. दोन पानं झाली, चांगली झाली, म्हणून फाडली. मग एवढंच लिहिलं: 'पूनम, दाराचं वाक्य तू सांगितलं नव्हतंस. ते मी घातलं. हा कागद हवा तिथे दाखव. बोलावतील तिथे मी येईन.' खाली पूर्ण नाव, पत्ता, सही.

पाकिटावर मोशीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता घातला. ती अजून तिथे राहते का, मला ठाऊक नाही. आज सकाळी पोस्टात जाऊन पत्र रजिस्टर केलं.