खोकणारा डबा

शालिकरामच्या तेरवीलाही महाल भागातल्या त्या बोळीत एवढी माणसं नव्हती. आज मात्र त्याच्या लग्नपत्रिकांच्या दुकानापुढं चपलांचा ढीग पडला होता. शालिकराम आज खोकणार होता.

टेबलावर त्याचा जुना कॉम्प्युटर, त्यावर भगवं वस्त्र, आणि वस्त्राखाली हात घालून, डोळे मिटून बसलेले स्मृतीनाथ महाराज.

"शालिकरामा, या वास्तूत असशील तर खूण दे."

वस्त्राखालून आवाज आला. एक लांब, मागून तीन तुटक.

बाया मागं सरकल्या. वच्छलाच्या अंगावर काटा उभा राहिला. लग्नपत्रिका रचायला बसताना तिचा नवरा असाच घसा साफ करायचा. एक लांब खाकर, मग तीन तुटक. आतून चहा आणायची ती खूण होती. गेले काही दिवस हा आवाज आला की वच्छला गॅसपाशी जाऊन उभी राहायची आणि मग आपण इथं काहून आलो, हे तिला आठवायचं नाही.

सुरुवात झाली मुलाच्या एका वाक्यानं. अंकुश पुण्याहून आला होता. मशीन फार रखडतं म्हणून त्यानं घाईघाईत डबा उघडून आत काहीतरी बसवलं आणि निघताना दारातूनच फोनवर बायकोला सांगितलं, "बाबांची मेमरी वाढवली. आता निघून राहिलो." घरात त्या यंत्राला 'बाबांचा' म्हणायची सवय. शेजारच्या बायजाबाईंच्या कानावर तेवढंच पडलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून वच्छलानं बटन दाबलं, तर पडदा काळा आणि आत खोकला. बायजाबाईंनी दोन्हींची सांगड घातली आणि महाराजांना घेऊन आल्या.

महाराजांना विषय आवडला. "मेमरी म्हणजे स्मृती, स्मृती म्हणजे चैतन्य. पोरानं चैतन्य वाढवलं, पण मोक्षाचं सॉफ्टवेअर टाकलं नाही. आत्मा हँग झाला आहे, माउली." उपाय एकच, अमावास्येला कन्हान नदीत विसर्जन. ते महाराज एकटे करणार, मागं कुणी यायचं नाही. आत्मा नदीत जाणार हे सगळ्यांना पटलं होतं. डबा कुठं जाणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

आज अमावास्या होती. डबा दिला तर दुकान संपलं, नवऱ्याच्या हातची सगळी नक्षी गेली. नाही दिला, तर माणूस आत कोंडलेला. वच्छलानं डबा द्यायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात सावनेरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी तिची मुलगी मिनल चपला ओलांडत आत आली.

"आई, हे काय चालू आहे वं?"

"तुझे बाबा खोकून राहिले."

मिनल आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. हसली नाही. टेबलामागं जाऊन तिनं गुपचूप प्लग काढला. "महाराज, अजून एकदा विचारा ना."

महाराजांनी विचारलं. वस्त्राखाली त्यांचा हात हलला, पुन्हा हलला. खोकला येईना.

"आत्म्यानं मौन धरलं आहे."

"मौन नाही, प्लग माझ्या हातात आहे," मिनल म्हणाली. "आत्म्याले वीज काहून लागते?"

तिनं प्लग लावला, वस्त्र ओढून काढलं आणि कोपऱ्यातल्या मिठाईवाल्या ओमप्रकाशला बोलावलं. "काका, हे बटन दाबा."

ओमप्रकाशनं बिचकत दाबलं. खोकला आला.

"अरे, मेरेको भी पावला!"

"तुम्ही तर मंत्रही नाही म्हटला गा," मागून कुणी म्हणालं, आणि गर्दीला हसू फुटलं. हसू ओसरेपर्यंत महाराज चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत होते.

मिनलनं वीज बंद करून डब्याचं झाकण काढलं. आत एक हिरवी पट्टी खाचेतून एका बाजूनं वर आली होती. "ही मेमरी. अंकुशनं पूरी दाबली नाही. चालू होताना मशीन आधी मेमरी तपासते. ती नीट लागली नसली तर पडद्यावर लिहिता येत नाही, म्हणून शिट्ट्या मारते. महाराज वस्त्राखालून बटन दाबत होते, बस."

"मंग तुझ्या बाबांची आठवण?"

"ह्या पट्टीले काहीच आठवत नाही, आई. वीज गेली की सगळं विसरते. बाबांचं काम त्या बाजूच्या डबीत आहे, कुणी हात नाही लावला त्याले. दाबू आता?"

वच्छला पट्टीकडं बघत होती. "थांब वं. झाकण लाव. एकदा वाजू दे."

मिनलनं झाकण लावलं, वीज लावली आणि बटन दाबलं. एक लांब, मागून तीन तुटक. शिट्टी होती, हे आता वच्छलालाही कळत होतं. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग वीज बंद करायला लावून झाकण काढलं आणि पट्टीवर स्वतःचा अंगठा टेकवला. टक्.

वीज लावून बटन दाबलं, तर मशीन मुकाट्यानं सुरू झालं. मिनलनं पडद्यावर शालिकरामची अर्धी राहिलेली पत्रिका उघडली. वधूचं नाव होतं, वराची जागा कोरी.

गेलेल्या माणसाचा खोकला कानात राहतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो कान महाराजांच्या हाती देऊ नका, एवढंच. यंत्र ओरडलं तर वीज बंद करा, झाकण उघडा, जाणत्याला विचारा.

वच्छला खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"मिनल," ती म्हणाली, "चहा मांड वं. मी बसून राहिली कामाले."