वाटाड्याचा डावा पाय

पाय घसरत होता.

तिने दिवा बंद केला, कागद काढले, खिळ्यांवर पुन्हा नीट बसवले आणि दिवा लावला. पाय तरीही घसरत होता. दर खेपेला डावाच.

दुधी काचेखालून उजेड आला, की एकावर एक ठेवलेले चार-पाच कागद आरपार दिसतात. चालणाऱ्या माणसाचं डोकं, खांदे, हात प्रत्येक कागदावर थोडे थोडे पुढे गेलेले असतात. पण जमिनीला टेकलेला पाय सगळ्या कागदांवर एकाच जागी असावा लागतो. रेघेवर रेघ. तो सरकला, तर पडद्यावर माणूस चालत नाही, बर्फावरून वाहत गेल्यासारखा दिसतो. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. "टेकलेला पाय म्हणजे दिलेला शब्द," ते म्हणायचे. "तो मागे घ्यायचा नाही." या एका चुकीपायी त्यांनी भल्याभल्यांची कामं परत पाठवली होती. एकदा तिचंही, आणि त्या दिवशी घरी जेवताना त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आता तिच्यासमोर पसरलेली चाल बाबांनी काढलेली होती. त्यांचं शेवटचं काम.

"काय ठरलं?" दारातून आवाज आला.

दिग्दर्शक आत आला नाही. बाबा गेल्यापासून तो या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबायचा. स्टुडिओत सगळे त्याला 'शहाणा' म्हणत, आणि हे नाव बाबांनीच पाडलं होतं. सिनेमा हाताने काढलेल्या चित्रांचा, एका जुन्या, गाजलेल्या साहसकथेवरचा होता. वाळवंटात बुजलेल्या विहिरीच्या शोधात निघालेला तांडा, आणि त्याला वाट दाखवणारा एक म्हातारा वाटाड्या. दिग्दर्शकाने ती कथा उचलून पुढच्या कुठल्यातरी शतकात, एका कोरड्या ठणठणीत ग्रहावर नेऊन ठेवली होती. उंटांच्या जागी चार पायांची चालती यंत्रं आली. पहिल्या बैठकीत हे ऐकून बाबा चष्मा पुसत म्हणाले होते, "म्हणजे उंटाला लोखंडाचे पाय आले. वरचा शहाणा मात्र आहे तिथेच आहे." सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो दिग्दर्शकच.

आज तो हसत नव्हता. "ताई, आज सगळं हातावेगळं करायचंय. तुझ्या सहीशिवाय हा प्रसंग रंगाला जाणार नाही. पण तू बघतेयस ना? काल मला वाटलं, माझेच डोळे..."

"घसरतोय," ती म्हणाली.

त्याने श्वास सोडला. सुटकेचा की दुःखाचा, तिला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

"मग ऐक. सुरुवातीला वाटाड्या तांड्याकडे येतो, ती चाल आहे आपल्याकडे. तीही काकांचीच. एकदम ठणठणीत. तीच उलट्या दिशेने फिरवून इथे वापरू. पोशाख तोच. रंगवालीला विचारलंय मी, ती म्हणते होईल."

"म्हणजे हे कागद जाणार."

"जाणार कुठे? तुझ्याकडे राहतील. पडद्यावर काकांचंच काम दिसेल. चांगलं काम दिसेल." तो थोडा थांबला. "त्यांनी स्वतः हे पास केलं असतं का? तूच सांग."

तपासनीस म्हणून ती रोज दुसऱ्यांना जे विचारायची, तेच त्याने तिला विचारलं होतं.

"चहाच्या वेळेला निर्मात्याचा माणूस टपकतोय," तो म्हणाला. "त्याच्या आत काय ते सांग. आणि हट्टाने सही करू नकोस हं. उद्या लोक थेटरात हसले ना, की म्हातारा चुकला, तर मला नाही बघवणार ते."

तो गेल्यावर तिने फळीवरून जुनी चाल काढली. काचेवर बसवून दिवा लावला. टेकलेल्या पायाच्या रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या, की कागद एकच आहे असं वाटावं. ही चाल जन्माला येताना तिने पाहिली होती. कोपऱ्यातल्या उभ्या आरशासमोर बाबा डोक्याला पंचा गुंडाळून, हातात लांब पट्टी काठीसारखी धरून येरझारा घालत होते. कागदाला हात लावायच्या आधी ते नेहमी स्वतः चालून बघत. शेजारच्या खोलीतून रंगवालीने डोकावून विचारलं होतं, "काय काका, तांडा आला वाटतं?" आणि बाबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले होते, "आलाय खरा. पाणी आहे का घरात, पोरी?"

तिने ती चाल बाजूला ठेवली आणि शेवटची पुन्हा काचेवर घेतली. विहीर सापडते, तांडा पाण्यावर तुटून पडतो, आणि वाटाड्या पाठ फिरवून चालू लागतो. पुस्तकात या जाण्याला एवढं एकच वाक्य होतं. लहानपणी बाबांनी ते वाचून दाखवलं, तेव्हा ती भडकली होती. "असाच कसा गेला? निरोपसुद्धा नाही घेतला?" पुस्तक मिटत बाबा म्हणाले होते, "त्याचं काम झालं ना."

शेवटी शेवटी बाबांच्या हातातून चमचा पडायचा. डॉक्टर म्हणाले होते, आजार मज्जातंतूंचा आहे, आतल्या आत बरेच दिवस मुरत असणार. मग हाताने दगा दिला असेल का? तसं असेल तर हे कागद पडद्यावर नेणं म्हणजे आयुष्यभर ताठ मानेने काम केलेल्या माणसाला पडताना चारचौघांत दाखवणं. तिने भिंग घेतलं आणि रेघ तपासायला लागली. थरथर शोधत होती. सापडावी असंही वाटत होतं, सापडू नये असंही.

थरथर नव्हती. नाकाची रेघ एका दमात ओढलेली. काठीवरची बोटं स्वच्छ. उजवा पाय तर शब्दाला जागणारा, जागच्या जागी. फक्त डाव्याच्या वेळी टाच उचलली जात होती आणि पंजा जमिनीवरून सुटत नव्हता. पहिल्या पावलाला जेमतेम. पुढे जास्त, त्याच्या पुढे आणखी. आणि दर वेळी त्याच्या किंचित आधी अंग उजवीकडे झुकत होतं, डाव्या बाजूची कंबर वर उचलली जात होती. जड पाय ओढून घ्यायला माणूस करतो तशी.

हात चुकला तर पाय चुकेल. कंबर कशी आधीच तयारी करेल?

तिने घरी फोन लावला.

"आई, बाबांच्या चपला कुठे आहेत?"

"कुठे असणार? दाराशी." मग सावध होऊन, "का गं?"

"बघतेस जरा? डावी."

"आत्ता? हात ओले आहेत माझे." पण आईची पावलं वाजली. मग चप्पल उलटी केल्याचा आवाज आला. "अगं, अंगठ्यापाशी पार भोक पडलंय हिला. उजवी तर नव्यासारखी आहे."

तिने समोरच्या कागदावरचा डावा पंजा पुन्हा पाहिला.

"मी म्हणायचेच त्यांना," आई म्हणाली, "पाय घासत चालू नका हो, डोकं उठतं त्या आवाजाने. तर म्हणायचे, अगं, वाटाड्याची तालीम चाललीय. मी हसायचे. म्हटलं, म्हातारपणी नाटकं सुचतायत." आईचा आवाज बारीक झाला. "डॉक्टरकडे तर आपण नंतर गेलो. कितीतरी नंतर."

"हो."

"काही अडलंय का त्यांचं तिथे?"

"नाही. मी बघतेय."

"बघ बाई नीट. चुकीचं काही त्यांच्या नावावर जाऊ देऊ नकोस. त्यांना खपायचं नाही."

फोन ठेवल्यावर ती उठली. आरसा कोपऱ्यातच होता. त्याच्यावर कुणीतरी जुना पडदा टाकून ठेवला होता. तिने तो काढला. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि डावा पाय जड आहे असं धरून चालू लागली. दुसऱ्याच पावलाला अंग आपोआप उजवीकडे गेलं. कंबर उचलली गेली. कागदावर होतं तसंच, तेवढंच.

म्हणजे ते इथे उभे होते. रोज. डॉक्टरने सांगायच्या कितीतरी आधी त्यांनी आरशात हे पाहिलं होतं, आणि आयुष्यभर आरशात दिसलेल्या गोष्टीचं जे केलं तेच याचंही केलं. जसं दिसलं तसं उतरवलं. घरी मात्र तालीम म्हणून सांगितलं.

"अगं बाई!"

दारात रंगवाली उभी होती. हातातला चहाचा कप तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "मला क्षणभर वाटलं..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळून कप टेबलावर ठेवला.

रंगवालीला तिने सगळं दाखवलं. कागद, कंबर, पंजा. रंगवाली बराच वेळ वाकून बघत राहिली. एकदा पदराने नाक पुसलं. मग सरळ झाली तेव्हा तिच्यातली कामाची बाई परत आली होती.

"मला पटलं गं. पण मी काकांना ओळखते. थेटरातला माणूस थोडाच ओळखतो? त्याला काय दिसणार? पाय सरकतोय आणि खाली जमीन आपली ढिम्म. एवढी धूळ त्या ग्रहावर, मी पोत्याने लाल रंग ओततेय, आणि तिला ओरखडासुद्धा नाही. मग चूकच दिसणार की ती!"

ती रंगवालीकडे बघत राहिली.

"काय झालं? वेडंवाकडं बोलले का मी?"

"नाही," ती म्हणाली. "जा तू आता. आणि शहाण्याला वर पाठवू नकोस इतक्यात."

धूळ, सावल्या, धूर असल्या गोष्टी नेहमी वेगळ्या कागदावर काढायच्या असतात. माणूस काढणारा त्यांना हात लावत नाही. तिने कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला. काचेवर बाबांचा कागद, त्यावर एक कोरा. कोऱ्या कागदावर, पंजा जिथून ओढला गेला तिथून तो पोचला तिथपर्यंत, तिने एक चर काढला. कडेला सारलेली थोडी माती. पुढच्या कागदावर आधीचा चर तसाच, आणि त्यात थोडी भर. बाबांच्या रेघेला तिने पेन्सिलचं टोकही लावलं नाही. जिथे त्यांचा पाय थांबला होता तिथेच तिची रेघ थांबायची. एकदा हात पुढे गेला, तेव्हा तिने तो कागद फाडून टाकला आणि नवा घेतला. चहा साय धरून गार झाला. खाली गाडीचं दार वाजलं, माणसांचे आवाज आले. निर्मात्याचा माणूस आला असणार. तिचा हात थांबला नाही. मान अवघडली होती, बोटं काळी झाली होती, आणि वाटाड्या अजून कडेपर्यंत पोचला नव्हता.

शेवटचा कागद काढून होतो न होतो तोच दिग्दर्शक उंबऱ्यावर हजर झाला. "ताई, तो खाली बसलाय. तीन वेळा घड्याळ बघून झालंय त्याचं. जुनी चाल लावू ना?"

"हे चढवते," ती म्हणाली. "एकदा बघ. मग तू म्हणशील ते."

तिने कागदांचे फोटो काढून यंत्रावर चढवले, टेबलावरच्या छोट्या पडद्यावर प्रसंग फिरला. काळ्यापांढऱ्या रेघांचा म्हातारा पाठ फिरवून चालू लागला. डावा पाय ओढला गेला, जमीन उकरली गेली. पुन्हा. पुन्हा.

दिग्दर्शक कपाळाला आठ्या घालून बघत होता. "घसरत नाहीये आता," तो हळूच म्हणाला. "ओढतोय." मग मान हलवली. "पण नाही ताई. आपला वाटाड्या जिंकलाय. विहीर सापडलीय त्याला. तो असा खुरडत कसा जाईल?"

"जिंकलेला माणूस दमत नाही का?"

"हे दमणं नाहीये गं."

"नाही," ती म्हणाली. "दमणं नाहीये."

तो पडद्याकडे बघत राहिला. म्हातारा पुन्हा सुरुवातीला येऊन उभा राहिला होता आणि पुन्हा निघाला होता. हळूहळू दिग्दर्शकाची नजर तिथून निघून कोपऱ्यातल्या आरशाकडे गेली. आज त्याच्यावर पडदा नव्हता.

"काकांना माहीत होतं?"

"आरसा कधी झाकून ठेवायचे नाहीत ते."

तो उंबरा ओलांडून आत आला. बाबांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, बसला नाही.

"खाली त्याला काय सांगू?"

"सांग, म्हातारा आहे. पाय ओढत चालतो."

प्रसंगाच्या तक्त्यावर तपासनीसाच्या जागी तिने सही केली. बाबांचं नाव तिच्या सहीच्याच वर होतं, त्यांच्या अक्षरात. अक्षर सरळ होतं.

पडद्यावर वाटाड्या कडेला पोचला. काठी गेली, खांदा गेला, शेवटी डावा पाय चौकटीबाहेर ओढला गेला. दिग्दर्शकाचा हात सवयीने बटणाकडे वळला. माणूस गेला की प्रसंग कापायचा, अशी त्याची रीत होती.

"थांब जरा," ती म्हणाली.

उघडी जमीन होती, आणि तिच्यावरून लांबवर गेलेला एक चर.

"वारा आणू का?" तो म्हणाला. "हळूहळू बुजवत नेऊ?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे थोडा वेळ."

खालून कुणीतरी हाक मारली. दिग्दर्शकाने बटणाकडे गेलेला हात पुन्हा खुर्चीच्या पाठीवर ठेवला.