कोरं पुस्तक कुणाचं

पाथर्डी फाट्याच्या त्या सोसायटीत पुस्तकांचा कट्टा सुरू केला सरिताने, आणि त्याचे नियमही केले तिनेच. पाच जणींत मिळून महिन्याला एक नवीन पुस्तक आणायचं. जिने त्या महिन्याच्या वाचनाचा बेत आखला असेल तिला ते सगळ्यात आधी मिळणार, कोरं करकरीत. पण तिने ते शेवटच्या रविवारपर्यंत संपवलंच पाहिजे. नाही संपलं, तर पुढच्या महिन्याचा बेत आणि पुढचं कोरं पुस्तक त्या महिन्यात जिचं वाचन सगळ्यात जास्त झालं असेल तिचं. शिवाय वाचता वाचता आपण जिथे थांबू तिथे समासात पेन्सिलीने आपलं अक्षर काढायचं. त्याला त्या 'थांबे' म्हणायच्या. पुस्तक पाच घरं फिरून आलं की कोण कुठे थांबलं ते बघायला मजा येई.

चार वर्षं झाली, कोरं पुस्तक सरिताचंच होतं. वेदिका झाली त्या महिन्यातसुद्धा पातळसं पुस्तक निवडून तिने नियम पाळला होता. पण आता वेदिका नऊ महिन्यांची होती, दात येत होते, आणि या महिन्याचं पुस्तक होतं चांगलं सव्वातीनशे पानांचं. निळ्या वेष्टनातली कादंबरी. कुसाबाई नावाची एक बाई हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरते, त्याची. चौसष्टाव्या पानावर कुसाबाई पेठच्या एसटी स्टँडवर उभी होती आणि बावीस दिवस झाले तरी तिथेच उभी होती. पोरगी मांडीवर झोपली की सरिता पुस्तक उघडायची, एक वाक्य वाचायची, तेवढ्यात पानाच्या आवाजानेसुद्धा वेदिका डोळे उघडायची आणि असं गोड हसायची की रागवायचीही सोय नव्हती.

"लेकरू हाय तोवर पुस्तकं ऱ्हाऊ दे की," सासूबाई म्हणायच्या. तानुबाई सिन्नरकडच्या, मनाने मऊ. "पुस्तकं काय पळून जात्यात व्हय?"

पुस्तकं पळत नव्हती. रोशनी पळत होती.

रोशनी दुसऱ्या मजल्यावरची. लग्न होऊन मनमाडहून आली तेव्हा दिवसभर टीव्हीसमोर बसायची. तिच्या हातात पहिलं पुस्तक दिलं सरिताने, दुसरंही तिनेच. आता रोशनी सिन्नरला कंपनीत लागली होती. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा. रोज सकाळी पावणेआठला सरिता वेदिकाला कडेवर घेऊन गॅलरीत यायची आणि खाली बघायची. रोशनी बसमध्ये चढायची, बसायच्या आधीच पिशवीतून पुस्तक काढायची. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सरिता बघत राहायची. अडीच तास! रोजचे! कुणी हाक मारणारं नाही, कुकरची शिट्टी मोजायची नाही. मग ती वेदिकाच्या गालाला गाल लावायची आणि त्या मऊ गालालाच मनातल्या मनात सांगायची, "बघ ना गं, कशी मजा आहे एकेकीची."

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली.

"ताई, निळं झालं असेल तर द्या ना," रोशनी दारातच म्हणाली. "माझी सगळी संपली. रविवारपर्यंत हेही होईल."

माझी सगळी संपली! चार दिवसांत हेही होईल! सरिताच्या तोंडून निघून गेलं, "झालं की कधीच. थांब, आणते."

"येतेस का गं माझ्याकडे, सोनू," म्हणत रोशनीने वेदिकाला उचललं. सरिता आतल्या खोलीत गेली, कपाटाआड उभी राहिली आणि कुठे कुठे पानं उघडून भराभरा 'स' काढत सुटली. चार-पाच ठिकाणी. शेवटचा अगदी शेवटाजवळ. बाहेर वेदिका खिदळत होती, रोशनी तिच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र करत होती. सरिताला दोघींचाही राग आला.

रविवारी चार वाजता सगळ्या आशाताईंकडे जमल्या. आशाताई निवृत्त शिक्षिका, अजूनही हजेरी घेतल्यासारख्या बोलायच्या. टीपॉयवर द्राक्षांचं ताट होतं, त्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुढचं कोरं पुस्तक. सरिताची नजर सारखी तिकडेच.

"चला, महिन्याचा हिशोब. सरिता?"

"तीन," सरिता म्हणाली. "एक बाळाच्या खाण्याचं, एक कथासंग्रह आणि निळी कादंबरी."

"बाळाच्या खाण्याचं धरायचं का?" एकीने चिडवलं.

"धरा गं. तेच सगळ्यात भीतीदायक होतं."

सगळ्या हसल्या. आशाताईंनी चष्मा वर केला. "आणि निळीचा शेवट कसा वाटला?"

"शेवट... अस्वस्थ करतो," सरिता म्हणाली. बहुतेक शेवट करतातच. रोशनीने एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि देठाकडे बघत राहिली.

रोशनीची सात झाली होती. ती एकेकीबद्दल बोलत होती आणि छान बोलत होती. कुठल्या पुस्तकात बसमध्ये हसू आलं, कुठल्याने उतरायचं ठिकाण चुकलं. हे असं बोलायला आपणच शिकवलं हिला, सरिताला वाटलं, आणि आता हिच्या तोंडून ऐकायचं.

"फक्त एक आहे," रोशनीने शेवटी पिशवीतून निळं पुस्तक काढलं. "आशाताई, हे दुकानात बदलून घ्या. बांधणीत घोळ झालाय. ऐंशी पानांनंतरची सोळा पानं दोनदा लागलीयत, आणि त्यापुढची सोळा गायबच आहेत. एकदम एकशे तेरावं पान."

"अगं बाई," आशाताई सरिताकडे वळल्या. "तुला नाही दिसलं हे?"

सरिताने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात रोशनी सहज म्हणाली, "ताईंनीच सांगितलं मला बुधवारी. त्यांनी ती पानं दुसऱ्या प्रतीत वाचली, वाचनालयात. हो ना ताई?"

सरिताने पुस्तक हातात घेतलं. दुसऱ्यांदा आलेल्या नव्वदाव्या पानावर समासात कागद जरा पांढरा, जरा खरखरीत होता. तिथे तिने बुधवारी 'स' काढला होता. तीच पानं दुसऱ्यांदा वाचत असताना निवांत थांबा घेणारी बाई कुठे असते? रोशनीला तिथेच कळलं असणार. तिने रबर घेऊन तो खोडला होता. पुढचे सगळे खोडले होते. चौसष्टाव्या पानावरचा खरा 'स' तेवढा ठेवला होता.

म्हणजे आता फक्त हो म्हणायचं. बेत आपला, पुस्तक आपलं.

सरिताने रोशनीकडे पाहिलं. ती शांतपणे द्राक्षं खात होती. सात पुस्तकं वाचून वर पुन्हा मोठं मनही हिचंच! अडीच तासांची बस एक वेळ सोसली असती, पण हे? जन्मभर हिच्या उपकारात राहायचं, दर महिन्याला कोरं पुस्तक उघडताना हिने दिलंय असं वाटून घ्यायचं?

"नाही," सरिता म्हणाली. जरा मोठ्यानेच. "खोटं बोलतेय ती. माझं झालंच नाहीये. चौसष्ट पानं झालीयत. पुढचे थांबे मी उगाच काढले होते, ते हिने खोडले."

"अहो ताई..." रोशनी द्राक्ष हातात धरून तशीच राहिली.

"अहो ताई काय! कशाला खोडलेस? कुणी सांगितलं होतं?"

"मग काय करायचं होतं? सगळ्यांसमोर बोलायचं होतं?" रोशनीही तापली. "मला काय माहीत तुम्हाला तेच आवडलं असतं!"

एकीला फिस्सकन हसू आलं आणि मग आवरेना. आशाताईंनी टीपॉयवर दोनदा टिचकी मारली. "शांत व्हा. सरिता, नियम कुणी केला?"

"मी."

"मग?"

"मग बेत हिचा," सरिता म्हणाली. तिची छाती कितीतरी दिवसांनी मोकळी झाली. "सांग बाई पुढच्या महिन्याचा बेत. मी लिहून घेते."

रोशनीने बेत सांगितला. प्रवासवर्णन एक, चरित्र एक, आणि सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं एक नाटक, दर गुरुवारी सरिताकडे, वेदिकाच्या झोपेची वेळ सोडून. बेत चांगला होता. सरिताला तो आपल्याला सुचला नाही याचंच वाईट वाटलं. तिने सुवाच्य अक्षरात तो वहीत उतरवला.

"आणि ते कुसाबाईचं," लिहिता लिहिता ती म्हणाली, "भाऊ सापडतो का गं?"

"सांगणार नाही."

"दुष्ट आहेस."

"आहेच," रोशनी म्हणाली आणि तिने टीपॉयवरचं पुस्तक ओढून घेतलं. वर्तमानपत्र टरकन फाडलं, पुस्तक मधोमध उघडून नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"मला नुसता वास तरी घेऊ दे," सरिता म्हणाली.

"माझं झालं की घ्या, ताई," रोशनी डोळे न उघडताच म्हणाली. सरिताने तिच्या हातावर एक चापट मारली, बऱ्यापैकी जोरात.