चार झेंड्यांची गोधडी

मित्रांनो, मला पांघरून आजवर कोणीही झोपलेलं नाही, तरी मी गोधडीच आहे. हवाई बेटांवरची, सव्वाशे वर्षांची म्हातारी. माझ्या चार कडांना आमच्या देशाचे चार झेंडे आहेत आणि मधोमध राणीचा मुकुट. मला मालेकाने शिवलं, एका लहान बंदरगावात, रागाच्या भरात.

राग नवऱ्यावर होता. तो, इओकेपा, सरकारी कचेरीत शिपाई होता. सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवून घडी घालायचा, असं अकरा वर्षं. मधल्या काळात साखरेच्या मळेवाल्यांनी परक्या फौजेच्या जोरावर राणीला गादीवरून उतरवलं. मग आमचा देश अमेरिकेला जोडायचं घाटू लागलं. मालेकाने गावोगाव पायपीट करून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. कागदांचे गठ्ठे समुद्रापार गेले, थोडे दिवस आशाही वाटली. पण शेवटी तिकडच्यांनी तिकडेच ठराव करून टाकला. देशाचा झेंडा म्हणून आमचा झेंडा शेवटचा उतरायचा होता, त्या दिवशी दोर इओकेपाच्याच हातात दिला गेला.

ते पाहायला नको म्हणून आमच्या माणसांनी त्या दिवशी दारं लावून घेतली होती. तो घरी आला तेव्हा मालेका भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी नसता ओढला तर दुसऱ्याने ओढला असता," तो म्हणाला.

"मग ओढू द्यायचा होता दुसऱ्याला."

"आणि नोकरी गेली असती म्हणजे? पुआला काय तुझे सह्यांचे कागद खाऊ घालू?"

पुआ त्यांची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. मालेकाने उठून त्याची चटई ओसरीवर टाकली. चटई त्या दिवसापासून तिथेच राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिने मला शिवायला घेतलं. शेजारणींनी कापड दिलं आणि त्याही शिवायला बसल्या. तिसऱ्या झेंड्याला ती पट्ट्यांचा क्रम चुकली. बायका हळहळल्या, पण नेमकं काय चुकलंय ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा ओसरीवरून इओकेपा खालच्या आवाजात म्हणाला, "पांढऱ्यानंतर लाल येतो."

"तुला बरं आठवतंय," मालेका म्हणाली. बायका खाली मान घालून शिवत राहिल्या. तिने मात्र पट्टा उसवला आणि तो म्हणाला तसा लावला.

मला पलंगावर छतासारखं ताणलं गेलं. खांबावरचा झेंडा गेला, निदान झोपताना तरी तो डोक्यावर असावा, म्हणून कितीतरी घरांत असं करत. पुढे पुआची मुलगी माझ्याखालीच जन्मली. इओकेपाने नातीला पाहिलं ते उंबऱ्यावरून. माझ्याखाली यायला त्याला कोणी मनाई केली नव्हती, पण कोणी बोलावलंही नव्हतं.

मालेका आजारी पडली तेव्हा तिने त्याला आत हाक मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याखाली उभा राहिला. आमच्याकडे मानतात की शिवणारीचा श्वास टाक्यांत उतरतो. म्हणून ती गेली की गोधडी जाळायची, म्हणजे तो श्वास तिच्यामागे जातो.

"मी गेले की हिला जाळ," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. तूच जाळ."

मला वाटतं, ती क्षमा होती. त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे.

ती गेली. त्याने अंगणात जाळ केला आणि मला छातीशी धरून तो बराच वेळ उभा राहिला. पुआने दोनदा आठवण केली. "एकदा उतरवला तेवढं पुरे," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने माझी घडी घातली, अगदी कचेरीतल्यासारखी कोपऱ्याला कोपरा लावून, आणि मला पेटीत ठेवलं.

आता मी संग्रहालयात काचेमागे असते. माणसं येतात, रंग अजून कसे टिकलेत म्हणून माझं कौतुक करतात. कसर लागू नये म्हणून मला जपतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. मला ते सांगवत नाही. एवढंच मागते: काही जपण्याआधी, ते ज्याचं आहे त्याला काय हवंय ते विचारा, आणि त्याने सांगितलं तर ऐका. मालेकाच्या देशाला कोणी विचारलं नाही. जो तिच्यावर सर्वांत जास्त माया करत होता, त्याला तर तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.